मागचे केस एकदाच खर्च करता येतात

प्रश्न : ताई, मला अरे-तुरेच करा, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे. वय २५. दोन वर्षांपासून कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकत चाललेत. वडिलांना तिशीतच टक्कल पडलं, दोन्ही मामांनाही. चार महिन्यांनी माझं लग्न आहे. हेअर ट्रान्सप्लांटसाठी एका सेंटरमध्ये जाऊन आलो. तिथल्या काउन्सेलरनी कपाळावर पेनने रेघ मारून दाखवली, थेट माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या फोटोसारखी. ३५०० ग्राफ्ट, काम एका दिवसात, आणि आठ दिवसांत आगाऊ रक्कम भरली तर सवलत. डॉक्टर त्या दिवशी भेटले नाहीत. आधी मिनॉक्सिडिल लावून पाहिलं होतं, पण केस उलट जास्तच गळायला लागले म्हणून दीड महिन्यात सोडलं. फिनास्टेराइडच्या गोळीबद्दल इतकं भयंकर वाचलंय की हात लावायची हिंमत होत नाही. जिच्याशी लग्न ठरलंय तिने मला टोपीशिवाय जवळजवळ पाहिलेलंच नाही. भाऊ म्हणतो, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी ऑपरेशन करतं का? मी पैसे भरू का? आणि सतत टोपी घातल्यामुळे तर हे झालं नसेल ना?

उत्तर : पैसे भरू नकोस. या आठ दिवसांत तर नाहीच, आणि लग्नाआधी शस्त्रक्रियाही नको.

तुझ्या भावाचं म्हणणं मात्र मला पटत नाही. रोज सकाळी आरशात आपलाच चेहरा थोडा थोडा अनोळखी होत जाणं ही एवढीशी गोष्ट नसते. त्वचारोगाची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काम करताना माझ्यासमोर बसून रडलेले तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकालाही मी कधी 'त्यात काय एवढं' असं म्हटलेलं नाही. केस परत हवेसे वाटणं यात गैर काही नाही. केशरोपण ही चांगली शस्त्रक्रिया आहे. योग्य माणसावर, योग्य वेळी, जाणत्या हातांनी झाली तर जवळून पाहूनही कळत नाही. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही. तिची वेळ, ती कपाळावरची रेघ आणि तो ३५०० चा आकडा, या तीन गोष्टींना आहे.

तुझ्या डोक्यावर काय चाललंय ते आधी समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांची मुळं केस उगवण्याच्या दर फेरीला थोडी आक्रसतात. केस पुन्हा उगवतो, पण आधीपेक्षा बारीक आणि आखूड. असं होता होता लव उरते, मग तीही जाते आणि कपाळ चकाकायला लागतं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की लहान वयातच अंडकोष निकामी झालेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागतं. म्हणजे दोन्ही लागतं : घराण्याचा वारसा आणि संप्रेरक. वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. तुझ्या पत्रात दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत.

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा या संप्रेरकाला दाद देत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे, ते दुसरीकडे नेऊन लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली हे प्रसिद्ध केलं. त्यांनी केसाळ भागातली त्वचा टकलावर लावली, तर तिथे केस वाढत राहिले. टकलाची त्वचा केसाळ भागात लावली, तर ती टकलीच राहिली. आजचं सगळं केशरोपण या एका निरीक्षणावर उभं आहे. फरक एवढाच की तेव्हा ४ मिलिमीटरचे गोल तुकडे लावत, ते बाहुलीच्या केसांसारखे झुपक्याझुपक्याने दिसत. आता १ ते ४ केसांचा एकेक नैसर्गिक गुच्छ वेगळा काढून लावतात. त्या गुच्छालाच ग्राफ्ट म्हणतात.

पण यात नवा केस एकही तयार होत नाही. मागचा केस पुढे येतो, इतकंच. जिथून काढला तिथे तो पुन्हा उगवत नाही. बहुतेकांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात मिळून साधारण ५ ते ७ हजार ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात. कुणाचे जास्त, कुणाचे बरेच कमी. आता हिशेब कर. टक्कल पूर्ण पसरलं तर उघडा पडणारा भाग २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असू शकतो. तिथे दर चौरस सेंटिमीटरला नुसते ३५ ग्राफ्ट लावायचे म्हटले, म्हणजे मूळ दाटीच्या निम्म्याहूनही कमी, तरी ७००० लागतील. आणि त्यातले ३५०० तुला २५ व्या वर्षी नुसत्या कपाळाच्या कडेवर घालायला सांगताहेत. मागचा भाग खरवडून आणखी काढता येतात असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. मर्यादेबाहेर काढले की मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक रुग्ण माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. ३८ वर्षांचा. २४ व्या वर्षी कुठेतरी समोरची रेषा खूप खाली, अगदी सरळ आणि दाट लावून घेतलेली. काम वाईट नव्हतं, सगळे केस जगले होते. दुखणं तेच होतं. कारण त्या रेषेच्या मागचे त्याचे स्वतःचे केस चौदा वर्षांत निघून गेले, आणि कपाळावर केसांची एक पट्टी, तिच्या मागे मोकळं मैदान, असं उरलं. मैदान भरायला मागे पुरेसे केस नव्हते. तो मला विचारत होता की लावलेले केस काढून टाकता येतील का. ते काही प्रमाणात काढता येतात, पण त्या माणसाचं तोंड बघून मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

शस्त्रक्रिया गळती थांबवत नाही. हे वाक्य काउन्सेलरच्या तोंडून तू ऐकलं नसशील. लावलेले केस टिकतात, त्यांच्या शेजारचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतात. टकलाच्या पायऱ्या मोजायची एक पद्धत आहे, अमेरिकी डॉक्टर नॉरवूड यांनी १९७५ मध्ये नीट मांडलेली, सात पायऱ्यांची. तू आज फार तर तिसऱ्या पायरीवर असशील. वडील आणि मामा कुठवर पोहोचले ते बघ. तू तिथेच पोहोचशील असं छातीठोक सांगता येत नाही, पण बेत आखताना तेच धरून चालावं लागतं. म्हणून कुठलाही जबाबदार सर्जन तुझ्या वयाच्या मुलाला आधी म्हणतो : वर्षभर गळती थोपवून दाखव, मग बघू.

आता ती रेघ. कॉलेजच्या पहिल्या वर्षी जी रेषा असते ती पोराची असते. विशीत ती बहुतेक पुरुषांची बोटभर वर सरकते. तिथे थांबली तर ते टक्कलसुद्धा नव्हे, नुसतं वय वाढणं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला शोभणारी रेषा दोन भुवयांच्या मधोमधपासून साधारण ७ ते ९ सेंटिमीटर वर असते, कोपरे थोडे मागे गेलेले असतात, आणि जवळून बघितलं तर ती रेषा नसतेच, तुरळक केसांची अनियमित किनार असते. चांगला सर्जन पहिल्या ओळींना एकेकट्या केसाचे ग्राफ्ट लावतो, केस पुढच्या बाजूला झुकते ठेवतो, मुद्दाम थोडी वाकडीतिकडी वस्ती करतो. तो तुझा पन्नाशीतला चेहरा डोळ्यासमोर धरून काम करत असतो. तुझ्या पहिल्या वर्षाच्या फोटोतली रेषा त्या चेहऱ्यावर विचित्र दिसेल, आणि ती पुसता येणार नाही.

मिनॉक्सिडिलची तुझी हकिगत वाचून मला हळहळ वाटली, कारण ते औषध लागू पडायला लागलं तेव्हाच तू सोडलंस. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यातून डोक्याला लावायचं औषध निघालं. अमेरिकेत त्याला १९८८ साली मंजुरी मिळाली. ते विश्रांतीत गेलेल्या मुळांना जागं करतं. जागं झालेलं मूळ नवा केस वर ढकलतं आणि जुना मेलेला केस बाहेर पडतो. म्हणून पहिले सहा-आठ आठवडे गळती वाढलेली दिसते. तेवढे दिवस काढले की ती ओसरते, आणि खरा फरक चार ते सहा महिन्यांनी कळतो. कोपऱ्यांवर त्याचा जोर माथ्यापेक्षा कमी पडतो, हेही सांगून ठेवते. ते सोडलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात, म्हणजे रोज लावायची तयारी हवी. आणि घरात मांजर असेल तर फार जपून : हे औषध मांजरांना विषारी आहे, चाटण्यात आलं तर जिवावर बेतू शकतं. लावल्यावर हात धू, आणि उशीवर मांजराला झोपू देऊ नकोस.

फिनास्टेराइडची भीती मी उडवून लावणार नाही. तू जे वाचलंस त्यात काही खरं आहे, काही फुगवलेलं. ही गोळी रक्तातलं डीएचटी जवळपास दोन-तृतीयांशाने कमी करते. रोज १ मिलिग्रॅम. केसांसाठी तिला १९९७ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्या वेळच्या चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी ८३ जणांच्या केसांची संख्या टिकली किंवा वाढली. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे २८ जणांत दिसलं. लैंगिक तक्रारी, म्हणजे इच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं वगैरे, शंभरात जेमतेम चौघांना झाल्या. दिखाऊ गोळीवर त्या दोघांना झाल्या होत्या. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर गेल्या. पण थांबवूनही त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२५ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून तुला यापूर्वी कधी नैराश्य आलं असेल, झोप उडाली असेल, औषधं चालू असतील, तर ते डॉक्टरांना लपवू नकोस. गोळी सुरू केलीस आणि मन काळवंडायला लागलं, तर गोळी थांबव आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोल. आणि घ्यायची नाही असं ठरवलंस तर तोही शहाण्या माणसाचा निर्णय आहे. मग शस्त्रक्रियेचा बेत आणखी हात राखून आखावा लागेल एवढंच. घेत असशील तर रक्तदान करू नकोस. बंद केल्यावरही महिनाभर थांब, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

यातलं काहीही सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला डोकं दाखव. तू पाठवलेल्या फोटोंवरून मी अंदाज करू शकते, निदान नाही. डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून केसांची जाडी बघतात. मागच्या पट्ट्यातलेच केस बारीक होत असतील तर अशा डोक्यावर शस्त्रक्रिया करायचीच नसते, आणि हे काउन्सेलरच्या पेनाने कळत नाही. कधी थायरॉइड, लोहाची कमतरता, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, यांनीही केस भरभर गळतात. ती गळती वेगळी, तिचा उपाय वेगळा. पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून डोक्यात टोचायच्या, इंजेक्शनांबद्दल तू विचारलं नाहीस, पण सेंटरवाले विचारायला लावतील. काहींना थोडा फायदा होतो, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि गोळी-औषधाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

लग्नाचं गणित तर साधं आहे, आणि ते तुला कुणी सांगितलं नाही याचा मला राग आला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर सूज येते, ती डोळ्यांपर्यंत उतरू शकते. खपल्या आठ-दहा दिवसांनी पडतात. मग दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून जातात. मुळं आत जिवंत असतात, पण वर काही दिसत नाही. त्या धक्क्याने आजूबाजूचे मूळचे बारीक केसही काही काळ गळू शकतात. नवे कोंब तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फुटायला लागतात, तेही मऊ, विरळ, कधी कुरळे. पुरता परिणाम दिसायला १२ महिने, कधी १८. म्हणजे लग्नाच्या दिवशी तू आजच्यापेक्षा बरा दिसण्याऐवजी आजच्यापेक्षा विरळ दिसण्याची शक्यता जास्त. आणि ते फोटो जन्मभर राहतात.

वर्षा-दोन वर्षांनी गळती आटोक्यात आल्यावरही तुला शस्त्रक्रिया हवीशी वाटली, तर खुशाल कर. तेव्हा ज्या डॉक्टरांच्या हाती डोकं द्यायचं त्यांना आधी भेट. त्यांच्याऐवजी पुन्हा काउन्सेलरच समोर आला तर उठून ये. विचार की मागून गुच्छ काढणं, पुढे छिद्रं करणं आणि ग्राफ्ट बसवणं यांतलं कोणतं काम ते स्वतः करतात आणि कोणतं मदतनीस. त्या दिवशी आणखी किती रुग्ण आहेत तेही विचार, कारण एकाच वेळी तीन टेबलांवर लक्ष ठेवणारा डॉक्टर तुझ्यापाशी नसतो. भूल फक्त डोक्याच्या त्वचेला देतात, पण तिचीही मात्रा चुकू शकते, क्वचित गंभीर प्रतिक्रिया येते. ती सांभाळायची औषधं, प्राणवायू आणि ते वापरता येणारा माणूस तिथे असायलाच हवा. 'डाग राहत नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्वचेची पट्टी कापून काढली तर मागे एक रेघ राहते, आणि एकेक गुच्छ टोचून काढला तर पांढरे ठिपके. केस अगदी बारीक कापले की दोन्ही दिसतात. ज्यांचं काम पाहायचं त्यांचे वर्षभरानंतरचे, ओल्या केसांचे आणि डोक्याच्या मागच्या बाजूचेही फोटो माग. आणि सवलतीची मुदत ठरवणारा माणूस तुझ्या डोक्याचा विचार करत नाहीये, हे माझं स्पष्ट मत आहे. सिगारेट ओढत असशील तर आजपासून कमी करायला लाग. जखम भरायला आणि ग्राफ्ट जगायला तिचा अडथळा होतो.

एका गोष्टीबद्दल तू पत्रात एकच वाक्य लिहिलंस, पण मला ते सगळ्यात जड वाटलं. जिच्याबरोबर तू राहणार आहेस तिने तुला टोपीशिवाय पाहिलेलं नाही. ती नकार देईल अशी तुला धास्ती आहे का? मग ती धास्ती लग्नानंतरही टोपीखाली राहणारच. या आठवड्यात तिला भेट, टोपी काढून ठेव आणि सरळ सांग : 'माझे केस चाललेत, घरात सगळ्यांचेच गेलेत, मी उपचार घेणार आहे, आणि मला तुझ्यापुढे हे लपवायचा कंटाळा आलाय.' एवढंच. मोठं भाषण नको. ती काय म्हणेल हे मला माहीत नाही. पण माझ्याकडे नवऱ्याबरोबर आलेल्या कितीतरी बायकांनी मला दाराशी थांबून सांगितलंय की मला याच्या केसांचं काही नाही हो, हा मोकळेपणाने हसेनासा झालाय त्याचं वाईट वाटतं. फिनास्टेराइड घ्यायचं की नाही हेही तिच्याशी बोलून ठरव. त्यात तिचाही संबंध आहे.

लग्नासाठी चांगल्या न्हाव्याकडे जा, कोपरे झाकण्यासाठी पुढे ओढून ठेवलेले लांब केस कापून टाक आणि बाजू बारीक करून घे. बाजू दाट आणि फुगीर राहिल्या की वरचं विरळपण उठून दिसतं. माथा विरळ दिसत असेल तर केसांच्या रंगाची तंतूंची पूड मिळते, फोटोंपुरती ती चालते. धुतली की जाते.

येत्या रविवारी खिडकीजवळ उभा राहा, केस कोरडे ठेव, समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून असे पाच फोटो काढ. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढ. आरसा रोज घाबरवतो, पण गळती थांबली की नाही हे फोटोंतून कळतं, आणि पुढे सर्जनलाही तेच लागतील.

आणि नाही, टोपीमुळे हे झालेलं नाही. मुळांना लागणारा प्राणवायू रक्तातून येतो, टोपी तो अडवत नाही. उन्हात जाताना खुशाल घाल. फक्त तिला भेटायला जाशील तेव्हा घरी ठेवून जा.